खाडीकाठाला काथ्याची चटई: विणण्यापासून रुजण्यापर्यंत

खाडीकाठी गाळ धरून ठेवणारी काथ्याची चटई विणून अंथरायचं मनात असेल, तर दाभण हातात घेण्याआधी एक पंधरवडा नुसतं पाणी बघा. एक उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती) आणि एक भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती), दोन्ही तुमच्या नजरेखालून गेली पाहिजेत. ज्या जागेवर तुम्हाला धापा, मोरस, खारं गवत ही खाऱ्या जमिनीत वाढणारी झुडपं-गवतं परत आणायची आहेत, तिथे पाणी कधी चढतं, कुठवर चढतं आणि कुठल्या वाटेनं परत जातं, हे कळल्याशिवाय विणलेली प्रत्येक वीत फुकट जाईल.

मी मूळची वेंगुर्ल्याकडची. सोडणं (नारळाची सालं) कुजवणं, कुटणं, सुंभ (काथ्याची दोरी) वळणं हे घरात बघत वाढले, पुढे शिक्षणही विणकामाचंच घेतलं आणि लग्नानंतर ठाणे खाडीच्या काठी, ऐरोलीला आले. इथे काठाची जी अवस्था दिसली ती मला बघवली नाही. माझ्या हाताला येणारं काम आणि समोरच्या चिखलाची गरज यांचा मेळ बसतो हे हळूहळू लक्षात आलं. तोच मेळ इथे सविस्तर लिहिते, म्हणजे वाशी, भांडुप, उरण, कुठल्याही शहरी खाडीकाठी कुणाला हे करावंसं वाटलं तर उपयोगी पडेल.

पाणी आधी

कोकणात लहान मुलांनाही येणारा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे दुपार आणि मध्यरात्र यांच्या जवळपास. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं, आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी उशिरा पोचतं, पण कामाचा दिवस ठरवायला हे पुरतं. अचूक आकडे हवे असतील तर मुंबईचा भरती-तक्ता पाहा. उधाणाच्या भरतीला त्यात साडेचार मीटरच्या आसपास आकडे दिसतात, भांगाला सव्वातीनच्या जवळपास. मधल्या या मीटरभर उंचीतच आपलं सगळं काम आहे.

आता त्या उंचीची खूण जमिनीवर उतरवायची. बांबूच्या कामट्या घ्या, त्यांना फळ्यावरचा रंगीत खडू भरपूर घासा आणि पाण्याच्या कडेपासून वर चढत काही पावलांच्या अंतरानं रोवून ठेवा. भरती येऊन गेली की पाणी जिथवर चढलं तिथवरचा खडू धुऊन गेलेला दिसतो. भांगाला एकदा, उधाणाला एकदा हे केलं की काठावर तीन पट्टे स्पष्ट होतात. सगळ्यात खाली रोज दोनदा बुडणारा उघडा चिखल. त्याच्या वर तिवर, चिपी, कांदळ यांची खारफुटी. आणि तिच्याही वर, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं, तो धाप्या-मोरशीचा आणि खाऱ्या गवताचा पट्टा. आपलं कापड याच तिसऱ्या पट्ट्यासाठी.

शहरानं सगळ्यात आधी गिळला तो हाच पट्टा. खारफुटी निदान झाड म्हणून डोळ्यांत भरते, पण घोट्याएवढी रसाळ पानांची वेल आणि विरळ गवत असलेली जमीन लोकांना पडीक वाटते. तिथे राडारोडा पडतो, भिंत येते, रस्ता येतो. मिठागरांच्या मोडक्या बांधांवर, पुलांच्या पायथ्याशी, सोसायटीच्या मागच्या कुंपणापलीकडे हा पट्टा अजून तुकड्या-तुकड्यांनी जिवंत आहे, आणि असा जिवंत तुकडा जवळ असेल तीच जागा निवडा. रोप, बी आणि खेकडे तिथूनच येणार आहेत.

दुसरी गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. खालचा उघडा चिखल रिकामा समजून त्यावर काही लावायला जाऊ नका, खारफुटीसुद्धा नाही. रोहित पक्षी तिथेच चरतात, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) तिथेच असतात. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून आणि 2022 साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. पक्ष्यांसाठी जाहीर झालेल्या या जागेत त्यांचं ताट म्हणजे तो चिखल.

पाणी बघताना आणखी एक तपासा. जमिनीवर पांढरा क्षार फुटला असेल आणि भेगा पडल्या असतील तर उधाणाचं पाणी आत येतच नाही. उलट पाणकणीस दाट वाढलं असेल तर गटाराचं गोडं पाणी साचतंय. दोन्ही ठिकाणी खरं दुखणं बुजलेल्या मोरीत (रस्त्या-बांधाखालच्या पाण्याच्या वाटेत) किंवा आडव्या बांधात असतं. ते आधी सुटलं पाहिजे. चटई पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

परवानगी आणि कोळीवाडा

महाराष्ट्रात खारफुटीला कायद्याचं कडक संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानं खारफुटीभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित धरला आहे. त्यामुळे चांगल्या हेतूनं का होईना, परवानगीशिवाय तिथे खुंट मारायचा नाही, माती हलवायची नाही, रोपं उपटायची नाहीत. वनविभागाचा कांदळवन कक्ष 2012 पासून आहे. जागेचा नकाशा, खडूच्या कामट्यांच्या नोंदी, काय अंथरणार आणि ते किती दिवसांत कुजणार, हे सगळं लिहून त्यांच्याकडे जा. जागा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल तर त्यांचीही लेखी संमती लागेल. विणणं, गुंडाळ्या भरणं, धाप्याची रोपं वाढवणं हे सगळं घरी किंवा सोसायटीच्या आवारात करता येतं, म्हणून परवानगीचे महिने वाया जात नाहीत.

कोळीवाड्यात जाणं हे मात्र परवानगीपेक्षाही आधी. होड्या कुठे लागतात, जाळ्याचे खुंट कुठे आहेत, बायका खुबे आणि निवट्या काढायला कुठल्या वाटेनं उतरतात, हे नकाशात नसतं. मी पहिल्यांदा विचारायला गेले तेव्हा एका मावशींनी एवढंच सांगितलं, "पाण्याची वाट आडवू नको, बाय." माझी सगळी आखणी त्या वाक्यावर उभी आहे.

धागा कुठला

काथ्या. ताग नाही, सूत नाही, आणि नायलॉन तर मुळीच नाही. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, सुमारे 45 टक्के असतं, तागात बारा टक्क्यांच्या आसपास, कापसात जवळपास नाहीच. लिग्निन जितकं जास्त तितका जिवाणूंना धागा पचवायला वेळ लागतो. आमच्याकडे हिरव्या नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात सहा ते दहा महिने पुरून ठेवतात. तेवढ्यात धाग्यांना जोडणारा गर कुजून जातो आणि धागा शाबूत राहतो. जो धागा चिखलात कुजवूनच बाहेर काढला, तो चिखलात तग धरेल यात नवल नाही. ओल्या काठावर तो दोन ते पाच वर्षं टिकतो. लाटांचा मारा असेल तर दोनच धरा.

मला पाच वर्षांपेक्षा जास्त टिकणारं काही नकोच आहे. कापडाचं काम गाळ धरून ठेवण्याचं, मुळं धरू लागेपर्यंतच. म्हणून मी प्रत्येक भागाला त्याच्या आयुष्याप्रमाणे धागा देते. रोपाची पिशवी जुन्या धान्याच्या गोणपाटाची, ती काही महिन्यांत विरते आणि तेवढ्यात मुळं बाहेर पडलेली असतात. चटई काथ्याची, ती पुढची दोन-तीन वर्षं उभी राहते. खुंट बांबूचे. काहीही उपटून परत आणावं लागू नये असा हिशोब ठेवा.

बाजारातून तयार माल घेणार असाल तर काथ्याची भू-वस्त्रं (जमिनीवर अंथरायची जाळीदार कापडं) दर चौरस मीटरला 400, 700 आणि 900 ग्रॅम अशा वजनांत मिळतात. मंद उतार आणि शांत पाणी असेल तर 400 पुरतं. बोटींच्या लाटा आदळत असतील तर 900 घ्या. तयार गुंडाळ्या घेताना बाहेरची जाळी नीट बघा, कारण पुष्कळदा आत काथ्या आणि बाहेर प्लास्टिकचा दोरा असतो. शंका आली तर एक धागा जाळून पाहा. प्लास्टिक वितळून गोळी होते, काथ्याची राख होते. गादीसाठी वापरतात तो रबर लावलेला काथ्या आणि रंगवलेली पायपुसणी इथे चालणार नाहीत. गोणपाटाच्या नावाखाली प्लास्टिकची पोती मिळतात, तीही नकोत, आणि खताची पोती तर अजिबात नकोत.

विणणं

या कामाला माग लागत नाही. दोन जाड बांबू एकमेकांपासून दोन मीटर अंतरावर समांतर बांधा. दोन्हींवर मीटरभर रुंदीत इंचाइंचाला खिळे ठोका. दोन पदरी सुंभ घ्या, चार-पाच मिलिमीटर जाडीचा, आणि रात्रभर पाण्यात भिजवा. ओला सुंभ वळतो आणि हात कमी सोलतो. शिवाय धाग्यातला तांबूस रस निघून जातो, पाणी एकदा बदलून घ्या. खिळ्यांवरून ताणा (उभे धागे) ओढायचा, साधारण चाळीस पदर होतात. मग इंचाइंचावर बाणा (आडवा धागा), एक वर एक खाली, साधी वीण. चटईच्या अशा एका पट्ट्याला पावणेदोनशे मीटर सुंभ लागतो. पट्टा वाळल्यावर काट्यावर टाका. सव्वा ते दीड किलो भरला तर तो बाजारातल्या 700 ग्रॅमच्या मालाच्या जवळ आहे. एक किलोच्या खाली आला तर सुंभ बारीक आहे, दोन पदर एकत्र घेऊन विणा.

जमिनीवर अंथरायचं कापड आणि पाण्यात अंथरायचं कापड यांत फरक पडतो तो गाठीनं. साधी वीण पाण्याच्या ओढीनं सरकते, एका ठिकाणी धागे गोळा होतात आणि दुसऱ्या ठिकाणी भगदाड पडतं. कोळ्यांचं जाळं सरकत नाही, कारण त्याच्या प्रत्येक आसाला गाठ असते. सगळीकडे गाठी मारल्या तर चटई फार कडक होते आणि जमिनीच्या चढउताराला बसत नाही. म्हणून मी दर चौथ्या छेदाला बारीक सुंभानं जाळ्याची गाठ मारते. त्यानं चटई घट्टही राहते आणि लवतेही. ही गाठ यूट्यूबवरून शिकण्यापेक्षा जाळं दुरुस्त करत बसलेल्या कुणा काकांजवळ बसून शिका. त्यांची बोटं ज्या क्रमानं चालतात तो क्रम बघूनच हातात उतरतो, आणि त्यांच्या या कामाची मजुरी देऊन त्यांनाच गटात घ्या हे सगळ्यात उत्तम.

काठाला तीन-तीन ताणे एकत्र घ्या. साडी जशी काठावर पेलते तशी ही चटईही काठावरच पेलते, सगळे खुंट आणि शिवणी तिथेच येणार आहेत. चटईत हातभर अंतरावर, एकाआड एक ओळीत, तीन-चार बोटांच्या फटी ठेवा. दाभणानं त्या फटींना खालून गोणपाटाच्या छोट्या पिशव्या शिवा. रोपं त्यात बसतील.

पायथ्याची गुंडाळी

चटईच्या खालच्या कडेला, पाण्याच्या बाजूला, काथ्याची गुंडाळी लागते. विणलेल्या जाळीची नळी करायची, वीतभराहून थोडी जास्त, तीस सेंटिमीटर व्यासाची आणि तीन मीटर लांब. आत सुटा काथ्या आणि सोडणाचे तुकडे पायानं दाबून दाबून भरायचे. घट्ट भरलेली कोरडी गुंडाळी वीस-पंचवीस किलो होते. बोटानं दाबून आत जात असेल तर ती सैल आहे, गाळ अडवणार नाही. ओली झाली की तिचं वजन कितीतरी वाढतं, म्हणून जागेवर कोरडीच न्या.

बाहेरच्या बाजूला मी सुंभाचे उसवलेले झुपके सोडते. पाणी त्यांच्यात शिरून मंदावतं आणि बारीक गाळ तिथे बसतो. ही कल्पना पक्की झाली ती न्यूयॉर्कच्या भूदृश्य-रचनाकार केट ऑर्फ यांच्या कामामुळे. त्यांनी 2010 साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनासाठी गोवानस कालव्याच्या मुखाशी केसाळ दोरांच्या जाळ्यांवर कालवं (ऑयस्टर, शिंपल्यातले जीव) वाढवण्याचा आराखडा मांडला होता. दोर म्हणजे जिवांना धरायला जागा, हा विचार तिथला. धागा मात्र माझ्या खाडीला मानवेल तोच, काथ्याचा.

गुंडाळ्यांची सलग भिंत करू नका. दोन गुंडाळ्यांमध्ये हातभर फट ठेवा, म्हणजे ओहोटीला पाणी निघून जाईल आणि निवट्या, चिंबोऱ्या, लहान मासे येत-जात राहतील. इंडोनेशियातल्या जावा बेटावर डेमाक इथे बांबू आणि काटक्यांचे झिरपते बांध घालून वाहून गेलेला किनारा पुन्हा गाळानं भरून घेण्याचं मोठं काम झालं, तेही याच तत्त्वावर: पाणी आत येऊ द्यायचं, गाळ मागे ठेवून जाऊ द्यायचं. तिथे लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनी बराच त्रास दिला. आपल्याकडेही तो किडा आहे, म्हणून खुंटांकडे अधूनमधून लक्ष ठेवा.

अंथरण्याचा दिवस

ऑक्टोबर. पाऊस संपलेला असतो, जमिनीतला क्षार धुऊन गेलेला असतो आणि उन्हाळ्यात माती कडक खारट होण्याआधी रोपांना काही महिने मिळतात. महिन्यात दिवस निवडायचा तो अष्टमीच्या आसपासचा. तेव्हा भांग असते, पाणी वरच्या पट्ट्यापर्यंत येत नाही आणि ओहोटी भर दुपारी, म्हणजे कामाच्या वेळेत असते. पुढचे तीन-चार दिवसही हाताशी राहतात.

आधी काच, प्लास्टिक, थर्माकोल, देवाचे फोटो, जे असेल ते वेचा. जमीन सपाट करू नका, फक्त राडारोड्याचे मोठे तुकडे काढा. वरच्या कडेला वीतभर खोल चर खणून चटईचं टोक त्यात पुरा. ताणा वरून खाली, पाण्याच्या दिशेनं गेला पाहिजे. डोंगरउतारावर वरची चटई खालचीवर चढवली की भागतं, पण खाडीत पाणी दोन्हीकडून येतं. म्हणून दोन पट्टे वीतभर एकमेकांवर घेऊन दाभणानं शिवून टाका. चटई ताणून बसवू नका, चिखलाला टेकली पाहिजे. ती जिथे अधांतरी राहते तिथे खालून पाणी माती खातं. दर हाताला एक बांबूची मेख मारा, फोडलेल्या बांबूची, वरच्या टोकाला खाच असलेली, म्हणजे धागा निसटत नाही. गुंडाळीला दोन्ही बाजूंनी मीटरभर लांबीचे खुंट, दोन तृतीयांश चिखलात, आणि वरून आडवा सुंभ फुलीसारखा आवळायचा.

चिखलात एकट्यानं उतरायचं नाही. फळी टाकून त्यावर उभं राहून काम करा. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात आणि इथल्या पाण्यात सांडपाणी आहे, म्हणून हातमोजे, जाड तळव्याचे बूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन या तिन्ही गोष्टी हव्याच. पाणी फिरलं की हातातलं काम टाकून वर या.

रोपं

धापा सगळ्यात भरवशाचा. शास्त्रीय नावानं तो सेसुव्हियम, जमिनीसरपट पसरणारा, जाड पानांचा, जांभळट-गुलाबी फुलांचा. त्याच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. जवळच्या मोठ्या पसाऱ्यातून, परवानगी घेऊन, इथून-तिथून थोड्या काड्या घ्या, एकाच जागेवरून ओरबाडू नका. वीतभर काडीची दोन पेरं खाडीच्या गाळात आणि वाळूत खोचा, सावलीत ठेवा. मुळं धरली की हळूहळू खारं पाणी देत जा. नर्सरीत नुसत्या गोड्या पाण्यावर पोसलेलं रोप पहिल्याच उधाणाला माना टाकतं. मोरस बियांवर येतं. दाणे तपकिरी होऊन हाताला सुटे लागले की गोळा करा आणि चटईखाली बोटभर गाळात मिसळा. खाऱ्या गवताचे, एल्युरोपसचे, धावरे (जमिनीवर सरपटणारे कोंब) तुकड्यांनी लावता येतात.

सगळ्या पिशव्या भरू नका. निम्म्या रिकाम्या ठेवा. पाण्याबरोबर बी येतं, आणि त्या जागेला काय मानवतं ते त्या बियांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. वरच्या कडेला एखादं तिवर आपसूक उगवलं तर असू द्या.

नंतरची दोन वर्षं

पहिल्या हिवाळ्यात दर उधाणानंतर जावं लागतं. चटई गाळाबरोबर प्लास्टिकही धरते. पिशव्या आणि दुधाच्या पुड्या रोपावर चिकटून बसल्या की रोप खाली गुदमरतं. त्या हातानं काढायच्या, दाताळं वापरलं तर चटई फाटते. सुटलेल्या गाठी तिथल्या तिथे बांधा, त्यासाठी कमरेला सुंभाची एक लडी असू द्या. गाळ किती बसला ते बघायला गुंडाळीच्या आत दोन-तीन कामट्यांवर खाच करून ठेवा. खाच बुजत चालली तर काम होतंय. उघडी पडत असेल तर फटी जास्त मोठ्या झाल्या आहेत किंवा गुंडाळी बुडाशी खचली आहे. खेकड्यांची बिळं दिसू लागली की मला सगळ्यात बरं वाटतं. बिळांतून मातीला हवा मिळते, आणि खेकडे बोलावून येत नाहीत.

पावसाळ्याआधी, मेच्या शेवटी, सगळे खुंट हलवून पाहा आणि सैल झालेले ठोकून बसवा. तिसऱ्या वर्षी चटईचा धागा चिमटीत घ्या. तो सहज तुटत असेल आणि त्या जागी धापा ओढून उपटत नसेल, तर तिथे पुन्हा काही अंथरू नका. धागा तुटतोय आणि जमीन उघडीच आहे अशा तुकड्यावर नवी चटई टाकण्याआधी खडूच्या कामट्या परत रोवा. मध्ये कुठे नवा भराव पडला असेल किंवा मोरी पुन्हा बुजली असेल, तर आधी ती उघडून घ्या, एक उधाण जाऊ द्या, आणि मगच तेवढ्याच तुकड्यापुरतं विणायला बसा.